तलावाकाठच्या मुक्कामी कॅम्पला मूल पाठवताना : बडोद्याच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की तरणतलावाच्या काठावर माझ्याभोवती आईबाबांचं कोंडाळं जमतं. पोरं पाण्यात हातपाय मारत असतात आणि इकडे प्रश्न सुरू असतात. कॅम्पला पाठवू का? बोटीत बसवतात का? रात्री रडला तर? अकरा वर्षं उन्हाळी बॅचमध्ये मुलांना पोहायला शिकवते आहे, आणि माझी दोन्ही मुलं तलावाकाठच्या कॅम्पला राहून आली आहेत. जे तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे. मोठं झालंय, पण मूल तुमचं आहे, तेव्हा वेळ काढून वाचा.

हरणीच्या घटनेनंतर मुलाला पाण्याजवळ पाठवायला मन धजत नाही. पाठवावं का?

18 जानेवारी 2024 चा तो दिवस बडोद्यात कोणी विसरू शकत नाही. शाळेची सहल, हरणीचा तलाव, उलटलेली बोट. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. या शहरातल्या आईला पाण्याची धास्ती वाटते, त्यात तिचं काही चुकत नाही.

तरीही माझं उत्तर ‘पाठवा’ असंच आहे. पाण्यापासून कायम लांब ठेवलेलं मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर न सांगता मही नदीच्या काठी जातं, आणि तेव्हा त्याला ना पोहता येत असतं ना पाण्याचा अंदाज असतो. मला त्या मुलाची जास्त काळजी वाटते. मात्र पाठवण्याआधी विचारा, आणि जे सांगतील ते डोळ्यांनी बघा. हरणीला जे राहून गेलं ते बघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत : बोटीत माणसं किती आणि जॅकेटं किती.

कितव्या वर्षी पाठवावं?

साधारण नऊ-दहा. पण वयापेक्षा मी दुसऱ्या गोष्टी बघते. मूल आईबाबांशिवाय आजोळी किंवा मावशीकडे दोन-तीन रात्री राहिलं आहे का? स्वतःची अंघोळ, वेणी, ताट उचलणं जमतं का? ‘मला दुखतंय’, ‘मला भीती वाटते’ हे परक्या मोठ्या माणसाला सांगू शकतं का? ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बारा वर्षांचं बुजरं मूल ताप अंगावर काढतं आणि आठ वर्षांची एखादी धीट पोर सरळ जाऊन सांगते.

पहिला कॅम्प दोन किंवा तीन रात्रींचा असू द्या. सुट्टी जेमतेम पाच आठवड्यांची, त्यात पहिल्याच फटक्यात दहा दिवस पाठवू नका.

मुलाला पोहता येत नाही. तरी चालेल का?

काठावरच्या खेळांपुरतं आणि जॅकेट घालून बोटीत बसण्यापुरतं चालेल. पण तुमच्या हातात महिना-दीड महिना असेल तर आधी पोहायला घाला. पूर्वी विहिरीत पाठीला सुका भोपळा किंवा डबा बांधून शिकवायचे, आता तरणतलावाच्या बॅचेस आहेत, एवढाच फरक.

‘पोहता येतं’ म्हणजे काय, याबद्दल आईबाबांची आणि माझी समजूत बऱ्याचदा वेगळी निघते. तरणतलावाची रुंदी पार केली म्हणजे पोहता आलं असं मी धरत नाही. मी चार गोष्टी करून घेते : न थांबता पंचवीस मीटर, दोन मिनिटं पाठीवर नुसतं तरंगणं, अचानक पाण्यात पडल्यावर वळून काठाला येणं, आणि हेच सगळं कपड्यांसकट. टी-शर्ट आणि पँट भिजली की अंग किती जड होतं, हे मुलाला तरणतलावातच कळायला हवं. तलावाच्या पाण्यात तळ दिसत नाही, पायाला शेवाळ किंवा गाळ लागतो, कडेला धरायला दांडा नसतो. तरणतलावातली पटाईत पोरंसुद्धा तिथे पहिल्यांदा घाबरतात. हे आधी सांगून ठेवलंत तर त्यांची भीती अर्धी होते.

कॅम्पवाल्यांना नेमकं काय विचारायचं?

फोनवर विचारा आणि उत्तर लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल. ज्यांचं काम चोख असतं त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. ‘ताई, काळजी करू नका, आजपर्यंत काही झालेलं नाही’ एवढंच कोणी म्हणालं तर मी तिथे फी भरत नाही.

पाण्यावर मुलं असताना काठावर फक्त लक्ष ठेवायला कोण असतं, हे आधी विचारा. शिकवणारा वेगळा, बघणारा वेगळा. जो फोटो काढतोय तो बघत नसतो. दहा मुलांमागे असा एक तरी माणूस हवा असं मी धरते, लहान मुलं असतील तर आणखी. त्या माणसाला बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचं आणि तोंडाने श्वास देण्याचं प्रशिक्षण आहे का? मुलांच्या जोड्या लावतात का, आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून जोड्या मोजतात का? जोडीदार दिसला नाही की मूल लगेच ओरडतं, म्हणून ही पद्धत मला फार आवडते.

मग बोट. यंत्रावर चालणारी असेल तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तिची नोंदणी आणि तपासणी लागते, कागद दाखवा म्हणायचं. बोटीवर माणसांचा आकडा लिहिलेला आहे का, आणि किती मुलांना एका वेळी बसवणार? शेवटी, सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे आणि कॅम्पवर रात्रंदिवस उभी राहणारी गाडी आहे का. 108 ला फोन करणं ठीकच, पण आडरानात अ‍ॅम्ब्युलन्सला यायला वेळ लागतो.

लाइफ जॅकेट चांगलं आहे हे आपल्याला कसं कळणार?

माझी मुलगी दहा वर्षांची असताना पहिल्या कॅम्पला आम्ही तिला स्वतः सोडायला गेलो होतो. शेडमध्ये नारिंगी जॅकेटांचा ढीग पडला होता. तिला दिलेल्या जॅकेटचं मधलं बक्कल तुटलेलं होतं आणि त्या जागी सुतळी बांधलेली. शिवणीवर अंगठा दाबला तर आतल्या फोमचा चुरा बाहेर आला, जुन्या गादीतल्या कापसासारखा बोटांना चिकटला. दुसरं घातलं ते मोठ्या माणसाच्या मापाचं, तिची हनुवटी आत गेली. तिथला मुलगा म्हणाला, ‘बेन, पाणी गुडघ्याएवढंच आहे.’ मी त्याला म्हटलं, चालून दाखव. तो दहा पावलं गेला आणि अकराव्याला छातीपर्यंत पाण्यात होता. त्याचा स्वतःचाच चेहरा उतरला. त्या दिवशी बोटिंग झालं नाही. दुसऱ्या दिवशी लहान मापाची बारा जॅकेटं आली आणि मग सगळी मुलं पाण्यावर गेली. माझ्यामागे उभ्या असलेल्या चार आयांनी त्या दिवशी तोंड उघडलं म्हणून हे झालं, मी एकटी असते तर बहुतेक झालं नसतं.

तेव्हापासून मी एवढं बघते. आतल्या बाजूला किती किलोच्या माणसासाठी आहे ते छापलेलं असतं, ते मुलाच्या वजनाशी जुळवा. सगळी बक्कलं लावून दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढा. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर राहील. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. हवा भरायच्या ट्यूब आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर कोणी मूल पाण्यात सोडत असेल तर परत घेऊन या.

आणि मुलाला घरीच एकदा जॅकेट घालून, काढून, पुन्हा घालून बघू द्या. ‘गरम होतंय’ म्हणून बक्कल उघडणारी मुलं मी रोज बघते.

कुठला तलाव निवडावा?

बडोद्याहून लोक जास्त करून माउंट आबूला पाठवतात. आबू रोडपर्यंत गाडी, तिथून घाट. उंची साधारण 1200 मीटर, त्यामुळे आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तिथे रात्री सुखाची झोप लागते. तिथला ‘नक्की’ नावाचा तलाव गावातच असल्याने दवाखाना जवळ. थोडी मोठी मुलं उत्तराखंडात कुमाऊँमध्ये भीमताल, नौकुचियातालला जातात, पण तो प्रवास लांबचा, पहिल्या खेपेला नको.

धरणाच्या जलाशयाकाठी कॅम्प असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे काठाला चिखल उघडा पडतो आणि पाय रुततात. आणि तळ सपाट नसतो. जुने ओढे, खड्डे, झाडांची खोडं पाण्याखाली असतात. सूर मारायला अशा ठिकाणी सक्त मनाई हवी.

मगरींबद्दल बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. विश्वामित्री नदीत त्या भर शहरात आहेत, 2024 च्या पुरात सोसायट्यांमध्ये शिरलेल्या आपण पाहिल्या. मध्य गुजरातच्या बऱ्याच तळ्यांत आणि महीच्या पट्ट्यात त्या आहेत. तेव्हा आपल्या भागातला कॅम्प असेल तर ‘या पाण्यात मगर आहे का’ असं सरळ विचारा. गावातल्या गुराख्याला विचारलंत तर आणखी बरं, त्याला कॅम्प विकायचा नसतो. उन्हाळ्यात अंडी-पिल्लांच्या दिवसांत मादी काठावर कोणाला फिरकू देत नाही. अशा पाण्यात पोहणं नाही, संध्याकाळनंतर काठावर बसणं नाही, भांडी घासणं नाही.

मेमध्ये वळीव आला तर?

गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, बोट काठाला, मुलं पक्क्या छपराखाली. तंबू किंवा झाड चालत नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं. हा नियम कॅम्पवाल्यांना माहीत आहे का, एवढं विचारून घ्या.

आजी म्हणतात पत्रिकेत जलघात आहे, पाण्याजवळ नेऊ नका. काय करावं?

हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारतं. आजीची माया खरी आहे, तिच्याशी वाद घालू नका. मी म्हणते, आजीलाच तरणतलावावर घेऊन या. गेल्या वर्षी रावपुऱ्यातल्या एक आजी महिनाभर रोज येऊन बाकावर बसल्या, हातात जपमाळ, नजर नातवावर. शेवटच्या दिवशी तो कपड्यांसकट उडी मारून पाठीवर तरंगला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पदराने त्याचं डोकं पुसलं आणि म्हणाल्या, जाऊ दे त्याला. घात असो वा नसो, पोहता येणं हा त्यावरचा तोडगा आहे असं त्यांना पटलं.

घरची आठवण येऊन रडला तर? न्यायला जावं का?

रडणार. बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या रात्री रडतात. दिवस खेळात जातो, दिवे मालवले की आई आठवते. त्यात काळजीचं काही नाही आणि लाजिरवाणंही काही नाही. जाण्याआधीच सांगा : ‘तुला आमची आठवण येईल, आम्हाला तुझी येईल, आणि सकाळी बरं वाटेल.’

एक वाक्य मात्र तोंडातून काढू नका : ‘आवडलं नाही तर लगेच फोन कर, मी घ्यायला येते.’ आपण धीर द्यायला म्हणतो, पण मूल त्यातून असं ऐकतं की आईलाच खात्री नाही. मग ते तिथे राहायला जात नाही, न्यायला कधी येतात याची वाट बघायला जातं. माझ्या मुलाला मी हेच सांगून पाठवलं होतं आणि तीन दिवस तो फाटकाजवळच्या दगडावर बसून होता. मुलीच्या वेळी ती चूक केली नाही.

तरी खऱ्या अडचणीसाठी वाट मोकळी हवी. आम्ही घरात एक खुणेचं वाक्य ठरवलं आहे : ‘मनीला दूध घातलंस का?’ आमच्याकडे मांजर नाही. हे वाक्य कॅम्पच्या माणसासमोर फोनवर बोलता येतं आणि त्याचा अर्थ एकच : मला इथे असुरक्षित वाटतंय, ये. आठवण आली म्हणून ते वापरायचं नाही, हेही ठरलेलं आहे. आजपर्यंत ते कोणी वापरलं नाही, पण दोघंही जाताना मला विचारतात, मनीचं लक्षात आहे ना?

मूल दोन दिवस धड जेवत नाही, झोपत नाही, कशातच भाग घेत नाही असं कळलं तर मात्र जा आणि घेऊन या. त्याला हरल्यासारखं वाटू देऊ नका.

फोन देऊ का?

नको. बरेच कॅम्प जमाच करून घेतात. त्याऐवजी पत्ता लिहिलेली चार पोस्टकार्डं द्या. माझ्या मुलाचं कार्ड आलं, ‘इथे डास आहेत. भात चिकट आहे. ये.’ ते हातात पडलं तेव्हा तो घरी येऊन दोन दिवस झाले होते आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म भर म्हणून मागे लागला होता. दुःखी पत्र आलं तर आधी कॅम्पला फोन करा, मग रडा.

कॅम्पच्या ग्रुपवरच्या फोटोंत आपल्या मुलाचा चेहरा मोठा करून बघत बसू नका. उन्हाकडे बघताना सगळ्यांचेच चेहरे आंबट दिसतात. ‘रोज रात्री एक ओळीचा निरोप पाठवा’ एवढं मागणं योग्य आहे.

अजून कधी कधी अंथरूण ओलं होतं. सांगावं का?

सांगा, एका ताईला किंवा दादाला, एकट्यात. सात-आठ वर्षांच्या मुलांत हे नेहमीचं आहे. बॅगेत जास्तीच्या दोन पायजम्या, गडद रंगाची चादर आणि झिपची पिशवी ठेवा. मुलाला ती जागा दाखवून ठेवा. मुलींच्या बाबतीत दहा वर्षांपुढे पॅड्स बरोबर द्याच, पाळी सुरू झालेली नसली तरी. पहिली पाळी कॅम्पवर आली तर काय करायचं, कोणाला सांगायचं, हे आईने आधी बोलून ठेवावं. या एका गोष्टीसाठी मुली दिवसभर पोट दाबून तंबूत बसून राहतात.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल कसं विचारायचं? अवघडल्यासारखं होतं.

अवघडून घेऊ नका. विचारा : कोणी मोठा माणूस मुलाबरोबर बंद तंबूत एकटा असणार नाही असा नियम आहे का? मुलींच्या तंबूशेजारी रात्री बाई कर्मचारी झोपते का? अंघोळीची जागा आतून बंद होते का? माणसं ठेवताना पोलीस पडताळणी केली आहे का? हे मुलग्यांसाठीही तितकंच विचारायचं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. मुलाला 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून द्या. आणि ‘कोणी गुपित ठेव म्हणालं तर ते मला आधी सांगायचं’ हे वाक्य जाण्याच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा म्हणा.

सामान काय द्यावं?

कमी. मुलाला स्वतः उचलता येईल तेवढंच, आणि बॅग त्यालाच भरू द्या म्हणजे काय कुठे आहे ते कळतं. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. मागे पट्टा असलेल्या सँडल, दोन पंचे (टॉवेलपेक्षा लवकर वाळतात), मान झाकणारी टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, टॉर्च, ओडोमॉस, गळ्यात शिट्टी, इलेक्ट्रॉलची पाकिटं. पाण्यावरून परत उसळलेलं ऊनही भाजतं, म्हणून बाह्या पूर्ण हव्यात. चष्मा असेल तर दोरी आणि जुना चष्मा जास्तीचा. प्रत्येक कपड्यावर नाव, न पुसणाऱ्या पेनने. थेपले आणि चिवडा द्या, पण वाटून खायला पुरेल एवढा.

जेवणाचं काय? आमच्याकडे वरणभाताशिवाय चालत नाही.

चार दिवस चालतं. अ‍ॅलर्जी असेल तर मात्र फॉर्मवर लिहा आणि तोंडीही सांगा.

दमा किंवा रोजचं औषध असेल तर?

डॉक्टरांना आधी विचारा. औषध मूळ पाकिटात, वर मराठीत नव्हे, कॅम्पच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत वेळ आणि मात्रा. इनहेलर मात्र मुलाच्या स्वतःच्या खिशात हवा, ऑफिसच्या कपाटात नाही. फिट येणाऱ्या मुलांना पाण्यात सोडण्याचा निर्णय डॉक्टरशिवाय कोणी घेऊ नये.

कोणी बुडताना दिसलं तर मुलाने काय करायचं?

उडी मारायची नाही. ओरडायचं, शिट्टी वाजवायची, काठी, दोरी, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातही हलवत नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, आवाज नाही. म्हणून ‘शांत झालेल्या’ मुलाकडे आधी बघायचं, हे मी सात वर्षांच्या मुलांनाही शिकवते.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजूनही होतं. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायला सुरुवात करायची. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. दोन-तीन तासांच्या शिकवणीत हे येतं. कॅम्पच्या माणसांना येत असेलच, पण तुम्हीही शिकून घ्या.

परत आल्यावर काय बघावं?

आधी जेवू आणि झोपू द्या. ‘मजा आली का’ विचारलंत तर ‘हो’ एवढंच मिळेल. ‘तुझ्या तंबूत सगळ्यात जास्त कोण घोरायचं?’ असं काहीतरी विचारा, मग तासभर ऐकायला तयार राहा. अंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली नाही ना ते बघा. दोन आठवड्यांत ताप, उलट्या किंवा कान दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना ‘तलावात पोहलाय’ हे न विसरता सांगा. आणि बॅग त्याच दिवशी उघडा. तळाशी ओला पंचा असतोच.